एकतीस तबलजी आणि एक तंबोरा

"आता अख्खं पान हलणार नाही, अण्णा. हवा तेवढाच तुकडा बदलेल!" प्रभंजननं मुकुंदरावांना छातीठोक सांगितलं.

साल २००७. मुकुंदराव धारवाडातल्या एका छोट्या संगीत परीक्षा मंडळाचे चिटणीस. प्रभंजन हुबळीला विद्यानगरात जावामध्ये प्रोग्राम लिहिणारा, सहा महिन्यांत एकही रविवार न पाहिलेला दमलेला जीव.

मंडळाच्या वेबसाइटवरच्या जुन्या फॉर्मला लोक विटले होते. नाव-पत्ता भरून 'गायन'चं 'तबला' केलं, की पान पुन्हा उघडायला दोन मिनिटं, आणि भरलेलं सगळं धुऊन गेलेलं! प्रभंजननं एजॅक्स नावाचं नवं तंत्र बसवलं. आता विषय बदलला की खालचं केंद्र तेवढं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बदलायचं. मुकुंदराव खूश!

फक्त एक राहिलं. विषय पडद्यावर बदलायचा, पण सर्व्हरपाशी पहिला 'गायन'च तसाच बसून राहायचा. प्रभंजननं तपासताना दर वेळी गायनच निवडलं होतं.

परीक्षेच्या रविवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"अरे प्रभंजना! इथं धारवाडात, मळमड्डीतल्या गायनाच्या केंद्रावर एकतीस तबलजी आलेत! हॉलतिकिटावर हेच केंद्र छापलंय! आणि इथं तबला नाही, एक तंबोरा आहे!"

"तबल्याचे परीक्षक कुठे आहेत, अण्णा?"

"तुझ्याच विद्यानगरात! सदाशिवराव आठपासून रिकाम्या वर्गात बसलेत!"

प्रभंजननं स्कूटर काढली. मिरजेहून आलेले सदाशिवराव एव्हाना तबल्यापेक्षा जास्त ताणले गेले होते.

"मुलं कुठायत?"

"सर, तांत्रिक अडचण..."

"मला तांत्रिक नको, ठेक्याचं सांगा!"

मागच्या सीटवर सदाशिवराव, त्यांच्या मांडीत डग्गा, प्रभंजनच्या पायांशी तबला. अशी वरात वीस किलोमीटर गेली. प्रत्येक खड्ड्याला डग्गा बोलायचा आणि पाठोपाठ सदाशिवराव!

मळमड्डीत पोचल्यावर दाराशीच प्रभंजनचे पाय थबकले. आतून भूप ऐकू येत होता. गायनाचे परीक्षक नारायणबुवांना कानानं जरा कमी ऐकू यायचं. घोळ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. यादीत 'गायन' पाहून त्यांनी अकरा तबलजींना गायला बसवलं होतं! पोरंही भेदरून शाळेतली भूपातली प्रार्थना गात होती.

उरलेल्या विसांची परीक्षा सदाशिवरावांनी व्हरांड्यात घेतली. दुपारी प्रभंजन पायरीवर मटकन बसला. "त्या अकरांची पुन्हा घेऊ, अण्णा. चूक माझी."

सोमवारी तो ऑफिसात दुरुस्ती करून खुर्चीत जरा रेलतोय, तोच मुकुंदरावांचा फोन.

"बुवांनी त्या अकरांतले नऊ पास केलेत! एकाला तर विशेष योग्यता!"

"पण ते तबल्याचे..."

"पालक म्हणतात, पुन्हा परीक्षा नको, विषयच गायन करून द्या. तुझ्या त्या नव्या फॉर्ममध्ये ते कुठं करायचं रे?"

प्रभंजननं पडद्याकडे पाहिलं. डोळे मिटले.

"अण्णा," तो म्हणाला, "त्यांना कागदावर अर्ज द्यायला सांगा."