सावड चुकवणारी कंपनी

"बुद्धी अमर्याद, फी माफक. गुन्हेगारांनी आधी वेळ घेऊन यावं." अण्णासाहेबांच्या कार्डावर हे असं छापलंय. कार्डं मीच छापली, कारण त्यांची डिटेक्टिव्ह कचेरी म्हणजे माझ्या रेश्मा झेरॉक्समधलं मोडकं स्टूल आहे.

गंगूबाईंची तक्रार सरळ होती. फार्महाऊसवाल्या जयवंतच्या खाचरात सहा बायकांनी सावडीनं भात लावून दिलं. सावड म्हणजे आज सगळ्या तुझ्याकडे, उद्या तू आमच्याकडे. गंगूबाईंचा नंबर आला तेव्हा जयवंत आला नाही, माणूसही धाडला नाही. म्हणाला, जमीन माझी नाही, कंपनीची आहे. मी वेगळा, कंपनी वेगळी, तिलाच विचारा. गंगूबाईंची रोपं पिवळी पडत चालली होती. दोन दिवसांत लावणी झाली नाही तर वर्षाचं भात गेलं.

अण्णासाहेबांनी जाहीर केलं की कंपनी फरार आहे. बांधावरचे ठसे मोजून ते म्हणाले, कंपनी वजनानं नव्वद किलो आहे आणि डावी चप्पल झिजवते. ते ठसे त्यांचेच निघाले. मग कंपन्या हिंजवडीत लपतात म्हणून तिकडे गेले, चार तास ट्रॅफिकमध्ये बसले आणि न उतरताच परत आले. तपासाची दिशा बरोबर होती, म्हणाले. मला त्यांची कीव येत नाही, रागच येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाई पाच जणींना घेऊन फार्महाऊसवर गेल्या. मागून आम्ही. जयवंत ओट्यावर न्याहारीला फोडणीचा भात खात होता. गंगूबाईंनी ताटाकडे बघितलं.

"ह्यो भात हितलाच का?"

"मागच्या वर्षीचा. विकत नाही आम्ही, घरीच खातो," जयवंत ऐटीत म्हणाला.

"मंग कंपनी तुमच्या पोटातच हाय की. चला, उठा. न्हाईतर आमी लावल्यालं आमी उपटून नेतो."

बाकीच्या बायका तोवर खाचरात उतरून वाकल्याही होत्या. जयवंतनं हात धुतले.

दिवसभर तो गंगूबाईंच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करत होता. अण्णासाहेब बांधावरून आरोपीवर नजर ठेवत होते. संध्याकाळी जयवंत कंबर धरून निघाला, म्हणाला, फिटलं एकदाचं.

गंगूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं फिटलं. तुमी येगळं, कंपनी येगळी म्हनला न्हवं? उद्या तिला धाडा."