वाळूजच्या मैदानावर हरवलेले दोन सेकंद

‘गुन्हेगार आंघोळ करून, अत्तर लावून, पांढरे कपडे घालून आला तरी मी त्याला नुसत्या वासावरून ओळखतो. मराठवाड्याचा तिसरा डोळा, सत्याचा शेवटचा आसरा, खाजगी गुप्तहेर इंद्रजीत.’

हा मजकूर आमच्या दाजींनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिला. सोबत फोटो: काळा चष्मा, गळ्यात मफलर आणि एक बोट आभाळाकडं. याचं मोठं फ्लेक्स करून क्रांती चौकात लावायचं, असा त्यांचा हुकूम होता.

मी म्हणालो, ‘‘दाजी, गुप्तहेर गुप्त असतो ना? चौकात तोंड टांगल्यावर गुप्त काय राहील?’’

दाजींनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. ‘‘सांडू, म्हणूनच तर चष्मा लावलाय.’’

मी सांडू. क्रांती चौकाजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे, दोन्ही छापतो. फोटो बऱ्याचदा तोच असतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, चतुराआक्काचा नवरा म्हणजे हे दाजी. लग्नात कानपिळीचा मान माझा होता, तेव्हा मी यांचा कान जरा जोरात पिळला. तेव्हापासून ते माझा पिळतायत. दाजीला नाय म्हणायचं नसतं, हा आमच्याकडचा कायदा, त्यामुळं मी त्यांचा सहाय्यक, माझं दुकान त्यांचं ऑफिस आणि माझी स्कूटर त्यांचं वाहन.

हेरगिरीची सुरुवात त्यांच्या सोसायटीत झाली. टाकी भरली तरी पाण्याची मोटर रोज कोण चालू ठेवतं, याचा दाजींनी उन्हाळाभर कसून तपास केला आणि शेवटी छडा लावला. तेच ठेवत होते. एवढं यश पदरात पडल्यावर माणूस नोकरीत कशाला राहील?

तर एका सकाळी तहरीम दुकानात आली. आमच्या शेजारी शौकतभाईंचं गादीघर आहे, त्यांची ही मुलगी. वाळूजच्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासायच्या कामाला. साधी, अबोल पोरगी. पण तिला नाद लागलाय तो ऑटोक्रॉसचा. म्हणजे मोकळ्या मैदानात नारिंगी कोन मांडायचे, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले, आणि त्यांच्यामधून गाडी वळवत, घसरवत एकट्यानंच पळवायची. शेजारी दुसरी गाडी नसते, शर्यत घड्याळाशी. तिनं पगारातून एक जुनी लाल गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली, आणि हौशी लोकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत नाव दिलं. पहिल्यांदाच. येत्या रविवारी नाशिकजवळ.

तिला गाडीच्या दारावर लावायला नंबराचं स्टिकर हवं होतं. मी माप घेत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘सांडूमामा, छापू नका अजून. बहुतेक मी नाव काढून घेणार.’’

‘‘का गं?’’

‘‘टाइम बिघडतोय. सरावाला गाडी रोज जरा जास्तच वेळ घेती. आधी चांगली जात होती, आता दोन सेकंद गेलेत. ऑटोक्रॉसमधी दोन सेकंद म्हणजे लई झालं. दोन मेकॅनिकला दाखवलं, गाडीत काहीच नाय. म्हणजे मीच बिघडले. परवा शेवटचा सराव आहे. तिथं आकडा सुधरला नाय तर संध्याकाळी फोन करून नाव काढते. एवढ्या लांब जाऊन हसं करून घ्यायचं आणि अब्बाला मान खाली घालायला लावायची, त्यापेक्षा नकोच.’’ एवढं बोलून ती गाडीची चावी बोटात फिरवत बसली. डोळे भरले होते, पण ती रडली नाय.

मला वाईट वाटलं. दाजींना आनंद झाला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून ते मफलर सावरत उठले. ‘‘बेटा, सेकंद बिघडत नाहीत. सेकंद चोरले जातात.’’

‘‘काका, मी स्टिकरसाठी आले होते.’’

‘‘सगळ्या मोठ्या केसेस अशाच येतात,’’ दाजी म्हणाले. त्यांच्याकडं आजवर एकही मोठी केस आली नव्हती, त्यामुळं खोडून काढायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाळूजच्या पुढं, तिच्या सरावाच्या मैदानावर गेलो. शौकतभाई सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात मोबाइल. तेच झेंडा खाली करायचे, तेच घड्याळ लावायचे. जिथून गाडी सुटायची, तिथंच ती परत यायची. गडी पन्नाशीचा, आयुष्य कापूस पिंजण्यात गेलेलं, आवाजही तसाच मऊ. लोक म्हणायचे, पोरीला कशाला गाडी पळवू देता? ते म्हणायचे, ‘‘उसका शौक है भाऊ. आपण काय, गाद्या शिवायच्या.’’ तिच्या सीटवरची गादीही त्यांनीच शिवली होती.

दाजींनी पहिला संशय घेतला तो त्या गादीवर. त्यांनी गादीवर बसून बघितलं, डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत तेव्हा मी त्यांना हलवलं.

‘‘बघितलंस?’’ ते दचकून म्हणाले. ‘‘इतक्या मऊ गादीवर माणूस झोपतो, शर्यत करत नाही.’’

तहरीमनं गादी काढून गाडी पळवली. वेळ तेवढाच लागला, वर पाठ दुखली ती वेगळीच.

मग पेट्रोल. भेसळ आहे का बघायला दाजींनी बोट बुडवून चाटलं. त्यातून दुपारपर्यंत उचक्यांपलीकडं काही निष्पन्न झालं नाही. उचक्या थांबल्यावर ते दौलताबादच्या दिशेला टक लावून उभे राहिले. मला तेव्हाच धडकी भरली.

‘‘सांडू, देवगिरीचा डोंगर. आत लोहचुंबक असणार. गाडी तिकडं वळली की मागं ओढली जाते.’’

‘‘दाजी, किल्ल्याच्या पायथ्यावरून एवढ्या एसट्या जातात, त्या ओढल्या जात नाहीत?’’

‘‘जातात. म्हणून तर लेट येतात.’’

 

खरा संशयित मात्र त्यांना संध्याकाळी सापडला. ओवैस. हाही वाळूजचाच, त्याच मैदानावर सराव करणारा, त्याच स्पर्धेला निघालेला. पुरावा काय, तर तो तहरीमला बघून हसला. ‘‘प्रतिस्पर्धी हसतो तेव्हा खिशात पाना असतो,’’ असं म्हणून दाजींनी मला स्कूटर काढायला लावली. आम्ही त्याच्या मागं शहरभर फिरलो. तो शेवटी एका हॉटेलात शिरला आणि नान खलिया खायला बसला. पाळत ठेवायची म्हणून दाजीही बसले. त्यांनी इतकी कडक पाळत ठेवली, की ओवैस कधी उठून गेला ते त्यांना कळलंच नाही. ते दुसरा नान मागवत होते.

घरी जाताना त्यांनी जाहीर केलं, की ओवैस गुपचूप कोन सरकवून रस्ता लांबवतोय, आणि उद्या त्याला आपण रंगेहाथ पकडणार. कसं, ते मला सकाळी कळलं. दाजींनी नारिंगी रेनकोट घातला, डोक्यावर नारिंगी टोपी चढवली, आणि शेवटच्या सरावाच्या आधीच मैदानात जाऊन कोनांच्या रांगेत उकिडवे बसले. ऊन रणरणतं, रेनकोट प्लॅस्टिकचा.

ओवैस आला. त्यानं वाऱ्यानं पडलेले दोन कोन उचलून खुणेवर नीट ठेवले, तहरीमला ‘ऑल द बेस्ट’ म्हणाला, मग दाजींपाशी थांबून वाकून विचारलं, ‘‘चाचा, पानी लाऊँ क्या?’’

वेष ओळखला जाण्याचं दुःख मोठं असतं. दाजींनी पाणी घेतलं, पण मान वळवून.

तेवढ्यात आमची आक्का रिक्षातून उतरली. दाजी सकाळी उपाशीच घराबाहेर पडले होते, म्हणून ती डबा घेऊन आली होती. तिला तपासात काडीचा रस नव्हता. ‘‘हे असं काय करून बसलेत?’’ एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, कोन झालेत. ‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि डबा घेऊन शौकतभाईंच्या शेजारी सावलीला उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं आश्चर्य केव्हाच संपलंय.

झेंडा पडला. तहरीमनं गाडी काढली. मला त्यातलं कळत नाही, पण त्या दिवशी मला ती वेगळीच वाटली. धुळीचा लोट उठवत कोनांना जेमतेम चाटून वळत होती, एकही पडला नाही. दाजींना वळसा घालताना त्यांची टोपी उडाली, तेवढंच. गाडी रेषेवरून सुसाट गेली आणि थांबली. तहरीम हेल्मेट काढत पळत आली.

‘‘किती, अब्बा?’’

शौकतभाईंनी मोबाइल पुढं केला. तिनं बघितलं. आजवरचा सगळ्यात वाईट आकडा होता.

तिनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं. ‘‘यापेक्षा चांगली मला येत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘बास झालं. संध्याकाळी फोन करते. सांडूमामा, स्टिकर राहू द्या.’’

शौकतभाईंचा चेहरा एवढासा झाला. अशा वेळी शहाणा माणूस गप बसतो. म्हणून दाजी रेनकोट फडफडवत मध्ये येऊन उभे राहिले. बोट आभाळाकडं, अगदी फ्लेक्सवरच्यासारखं.

‘‘थांबा. केस सुटली. गादी निर्दोष, पेट्रोल निर्दोष, डोंगर निर्दोष, ओवैसनं मला पाणी पाजलं. मग राहिलं कोण? जो रोज इथं हजर असतो. ज्याला मनातून भीती वाटते. ज्याला ही पोरगी नाशिकला जायलाच नको आहे.’’ बोट खाली आलं आणि शौकतभाईंवर थांबलं. ‘‘सेकंद चोरणारा तुमच्या घरातच आहे.’’

 तहरीमनं बापाकडं बघितलं. ‘‘अब्बा, तुमाला नको व्हतं तर मला सांगायचं ना.’’

‘‘नहीं बेटा, कसम से,’’ शौकतभाई म्हणाले. मला दाजींचा असा राग आला, की वाटलं दोन्ही कान धरावेत.

‘‘झालं का तुमचं बोलून, श्रेयाचे पप्पा?’’ आक्कानं विचारलं. श्रेया म्हणजे त्यांची लेक. मग ती शौकतभाईंकडं वळली. ‘‘भाऊ, मला त्या घड्याळातलं काय कळत नाय. पण ते बटण कवा दाबायचं असतंय?’’

‘‘गाडी रेषेवर आली की, भाभी.’’

‘‘मग गाडी आली तवा तुमी डोळे मिटून काय पुटपुटत व्हता? ते झालं, मग गाडीकडं फुंकर मारली, मग डोळे उघडले आणि मग बटण दाबलं. मी शेजारीच उभी व्हते की.’’

शौकतभाईंनी हातातल्या मोबाइलकडं बघितलं, मग आक्काकडं. ‘‘हां,’’ ते म्हणाले, जणू यात विचारायचं काय आहे. ‘‘पोरगी सलामत आली. पहले शुक्र अदा करना, बाद में बटण.’’

‘‘अब्बा,’’ तहरीम हळूच म्हणाली, ‘‘रोज?’’

‘‘रोज. पहले एकच लफ्ज म्हणायचो. फिर तेरा नाम स्पर्धेत आलं, आणि गाद्यांना कापड देतो त्या माणसानं मला गाडी उलटल्याचा व्हिडिओ दाखवला. तेव्हापासून थोडी लंबी दुआ करतो. फिर दम भी करता हूँ, म्हणजे दुआ म्हणून फुंकर मारतो.’’

म्हणजे हरवलेले दोन सेकंद हे होते. दोन मेकॅनिकांनी इंजिन खोललं, दाजींनी पेट्रोल चाटलं, आणि सगळे गाडीकडं बघत होते म्हणून बापाकडं कुणी बघितलंच नाही. स्पर्धा जसजशी जवळ आली, तसतशी दुआ वाढत गेली आणि पोरीचा टाइम बिघडत गेला.

आक्कानं डबा माझ्या हातात दिला आणि मोबाइल स्वतःकडं घेतला. ‘‘पोरी, जा, अजून एक चक्कर मार. भाऊ, तुमी तुमचं काम करा, मी माझं करते.’’

तहरीम पुन्हा गेली. आक्कानं डोळे गाडीवर आणि अंगठा बटणावर ठेवला. आकडा बघून तहरीम खाली मातीतच बसली, हसायला लागली, मग रडली. तिच्या सगळ्यात चांगल्या टाइमापेक्षाही तो कमी होता. ती रोज सुधारत होती आणि रोज वाईट वाटून घेत होती.

‘‘मी काय म्हणालो होतो?’’ दाजी रेनकोटाच्या गुंड्या सोडत म्हणाले. ‘‘शौकतभाईच.’’

आणि गंमत म्हणजे, त्यांना खोटं पाडता येत नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी स्टिकर छापलं आणि स्वतः नेऊन दारावर चिकटवलं, एकही बुडबुडा न ठेवता.

नाशिकला आम्ही सगळेच गेलो. तिथं घड्याळ आपलं आपण चालतं, आपलं आपण थांबतं, आणि आकडा मोठ्या पाटीवर लागतो. देशभरातून गाड्या आल्या होत्या. तहरीम सुटली, वळली, धुळीत दिसेनाशी झाली आणि परत आली. पाटी उजळली. नवशिक्यांच्या गटात तिसरी. ओवैस पार मागं पडला होता, तरी तहरीमसाठी सगळ्यात मोठ्या टाळ्या तोच वाजवत होता. शौकतभाई कठड्यापाशी डोळे मिटून उभे होते, हात वर, ओठ हलत.

दाजींनी बातमी द्यायला तोंड उघडलं. ‘‘शौकतभा...’’ एवढंच निघालं, तोवर आक्कानं त्यांचा कान धरून पिळला होता. तो मान खरं तर माझा. पण त्या दिवशी मी तो तिला खुशीनं सोडला. आम्ही सगळे गप उभे राहिलो. तहरीमसुद्धा येऊन हेल्मेट काखेत धरून बापासमोर थांबली. दुआ चांगली लांबलचक होती.

शेवटी त्यांनी फुंकर घातली, डोळे उघडले आणि लेकीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

‘‘आ गई?’’

‘‘आ गई, अब्बा.’’

‘‘बस,’’ शौकतभाई म्हणाले आणि तिच्या हातातलं हेल्मेट घेऊन गाडीकडं चालायला लागले. पाटी त्यांच्या पाठीमागंच होती.