इंजिनासाठी आणलेली लादी

"त्यात काय एवढं!" या तीन शब्दांनी विश्वंभरचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं एखाद्या शत्रूनंही केलं नसतं. (शत्रू त्याला नव्हते. तेवढी ऐपतच नव्हती.) नोकरी, लग्न, पत्र्याचं घर, सगळ्याची सुरुवात याच तीन शब्दांनी झालेली. राहायला पुसेगावात, नोकरी सेनगावच्या बाजार समितीत कारकुनाची, अन् चेहरा जन्मापासून सुतकी. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा असताना लोकांनी त्याला हळू आवाजात विचारलं होतं, "घरी सगळं ठीक हाय ना?"

या माणसाला अभिमान एकाच गोष्टीचा होता. बारावी सायन्स. गावात कोणाचा मोटारपंप बिघडो की कोणाची म्हैस दूध चोरो, विश्वंभर आपला पुढं होऊन म्हणायचा, "बारावी सायन्स हाय मी." लोकही त्याला वाट करून द्यायचे अन् मग मिस्त्रीला बोलवायचे.

त्याची पोरगी राजनंदिनी नववीत होती. मागच्या साली तिच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विश्वंभरनं ज्वालामुखी करून दिला. तो सरांसमोर पेटला नाही. घरी येताना ऑटोत, तिच्या मांडीवर पेटला. तेव्हापासून पोरीचं एकच वाक्य, "पप्पा, तुमी हात लावू नका." बायको असं म्हणायची, साहेब म्हणायचा, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण लेकरानं म्हटलेलं त्याला लई लागलं.

यंदाचं प्रदर्शन डिसेंबरात व्हायचं. मास्तर लोक आधी निवडणुकीच्या कामाला गेले, मग कसल्या तरी पाहणीला गेले, अन् प्रदर्शन ढकलत ढकलत एप्रिलात येऊन पडलं. राजनंदिनीनं ठरवलं होतं, उष्णतेवर चालणारं इंजिन करायचं. डब्याच्या खाली मेणबत्ती, वरच्या अंगाला गारवा. आतली हवा तापली की फुगते, निवली की आकसते, अन् त्या फुगण्या-आकसण्यावर चाक फिरतं. मोबाईलवर एक गोरा माणूस हसत हसत हे सगळं करून दाखवत होता.

"त्यात काय एवढं!" विश्वंभर म्हणाला.

"पप्पा, तुमी हात लावू नका."

"अगं, बारावी सायन्स हाय मी."

"आजोबा म्हणतात, तुमी नापास हायत."

ओसरीतल्या बाजेवरून विश्वंभरच्या बापाचा, संतरामचा, खोल गेलेला आवाज आला, "दोनदा."

संतराम दिवाळीपासून खंगलेला होता. कानानं कमी, पायानं कमी, पण नको तिथं बोलायला बराबर तयार.

तरी विश्वंभरनं पोरीला कसंबसं पटवलं अन् काम सुरू झालं. रसगुल्ल्याचा रिकामा डबा, त्यावर ताणून बांधलेला फुगा, सायकलच्या तारेची दांडी, अन् चाक म्हणून स्वतःच्या लग्नाची सीडी. (ती लावायला घरात आता यंत्रच उरलं नव्हतं.) बायकोनं, द्वारकाबाईनं, सीडी ओळखली अन् कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, सगळं घरदार सोडून माझं लग्नच सापडलं का फिरवायला?"

"विज्ञानासाठी हाय ते."

"तिकडं तरी फिरू द्या मग. इथं तर कधीचं जागेवरच हाय."

जागेवरच राहिलं. मेणबत्ती पेटवली की चाक नुसतं थरथरायचं, जसं काही कोणी थंडीत उभं आहे, अन् गप व्हायचं. थंडीच तर नव्हती! विश्वंभरनं तो व्हिडिओ कितीदा तरी बघितला, अन् मग त्याच्या ध्यानात आलं की तो गोरा माणूस स्वेटर घालून आहे. मागं खिडकीबाहेर बर्फ पडतंय. इंजिनाला नुसती आग पुरत नाही, खालच्या अन् वरच्या बाजूत फरक लागतो. एप्रिलातल्या पुसेगावात खाली मेणबत्ती अन् वर तापलेले पत्रे, फरक यायचा कुठून? सगळं गावच खालची बाजू होतं. फ्रिज होता, पण गल्लीची डीपी जळून वीज गेली त्याला पंधरवडा झाला होता अन् द्वारकाबाई फ्रिजात डाळी ठेवत होती, मुंग्या लागत नाहीत म्हणून.

प्रदर्शन दुसऱ्या दिवसावर आलं. राजनंदिनीनं डबा उचलून कोपऱ्यात ठेवला.

"राहू द्या पप्पा. मी चित्र काढून तक्ता करते." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली.

"तक्ता कशाला? बर्फ आणतो हिंगोलीहून. त्यात काय एवढं!"

हिंगोलीच्या बर्फाच्या कारखान्यात मालक म्हणाला, "फोडून न्हाई देत. लग्नसराई हाय. घ्यायची तर अख्खी लादी घ्या."

"द्या मग लादी."

मालकानं आता त्याचा चेहरा नीट बघितला अन् आवाज एकदम खाली आणला. "घरीच न्यायची का?"

"व्हय. पुसेगावला."

"पाहुणे कधी येणार?"

"उद्या दुपारून." परीक्षक दुपारून यायचे होते.

"मग एक पुरते. सावलीत ठेवा, वरून पंखा लावा."

"डीपी जळाली हाय. अन् खालून मेणबत्ती लावायची हाय."

मालकानं हात जोडले. मग म्हणाला, "असती ज्याची त्याची पद्धत," अन् पैसे निम्मेच घेतले. "अशा टायमाला आमी पुरे घेत न्हाई, भाऊ."

विश्वंभरला भरून आलं. जगात विज्ञानाची कदर आहे अजून, असं त्याला वाटलं.

आता बर्फाच्या लादीचं आपल्याकडं काय आहे, लग्नाची लादी मांडवाकडं जाते, शरबताच्या पिंपासोबत, हसत-खिदळत. एकटी लादी, भुसा लावून पोत्यात गुंडाळलेली, एका पडेल चेहऱ्याच्या माणसासोबत घराकडं निघाली की तिचा अर्थ एकच. घरातलं माणूस गेलं, अन् लांबचे पाहुणे येईपर्यंत ठेवायचंय. त्यात विश्वंभरच्या घरी दिवाळीपासून खंगलेला बाप. हे कारखान्याच्या मालकाला कळलं, रस्त्यावरच्या लोकांना कळलं, बारावी सायन्सला तेवढं कळलं नाही.

ऑटो गावातल्या जगनचा होता. लादी बघितली अन् त्यानं गाणं बंद केलं. दुसरं एकही सीट घेतलं नाही.

"लई तरास झाला असंल," जगन म्हणाला.

"आठवडा झाला, झोप न्हाई," विश्वंभर म्हणाला. त्याच्या डोक्यात इंजिनच होतं. "सगळं करून बघितलं. पण हललंच न्हाई शेवटी."

जगननं बाहीनं डोळे पुसले. वाटेत पेट्रोलला थांबला तेव्हा बाजूला जाऊन त्यानं गावात फोन केला.

पुसेगावात ऑटो शिरला तर दुकानांची शटरं निम्मी खाली. पारावरचे लोक उठून उभे राहिले. घरासमोर माणसांची दाटी, अन् ओसरीत बायकांच्या घोळक्यात द्वारकाबाई छाती पिटून रडत होती. ती दळण घेऊन गिरणीत गेली होती. तिला गिरणीतच कोणीतरी सांगितलं अन् ती पिठाच्या हातानं तशीच धावत आली होती.

"मामंजी ओऽऽ! दुसरा चहा मागत होते ओऽऽ! मी म्हटलं साखर वाढते! घोटभर चहा न्हाई दिला मी त्यांना ओऽऽ!"

विश्वंभर ऑटोतून उतरला. "बा गेला?"

तो खाली बसला. मी हिंगोलीत बर्फाचा भाव करत होतो अन् इकडं बा गेला. अन् आपल्याशी शेवटचा शब्द काय बोलला? 'दोनदा.' विश्वंभर ढसाढसा रडला. जगननं अन् आणखी कोणी लादी उतरवून ओसरीत ठेवली. बरं झालं, लोक म्हणाले, पोरगा कर्तव्याला चुकला न्हाई.

अन् रडता रडता (हे त्यानं पुढं कोणालाच सांगितलं नाही) त्याच्या मनात आलं, बाला सगळी लादी कशाला लागते? कोपऱ्याचा एक तुकडा फोडला, तर पोरीचं चाक फिरंल. मग त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो दुप्पट मोठ्यानं रडायला लागला. "बघा, बापावर किती जीव," एक म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात राजनंदिनी परसाकडून पळत आली. "पप्पा, आजोबा माशा हाकलून राहिले!"

मग प्रेमसिंग पुढं झाला. तो शेजारच्या तांड्यावरचा, संतरामचा जुना दोस्त. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकराचा लई लळा होता. असे भास होतात, माय."

"भास न्हाई! लिंबाखाली बाजेवर हायत. मी आता बघितलं."

"नंदे," विश्वंभर हुंदके देत म्हणाला, "विज्ञान शिकतेस ना तू? गेलेला माणूस माशा हाकलत न्हाई."

"पप्पा, तुमी तरी जाऊन बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं; मयत आतल्या खोलीत असंल, असं ज्याला त्याला वाटत होतं. पण इतकी माणसं रडत असताना उठून बघायला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून विश्वंभर रडत राहिला. राजनंदिनी त्याच्याकडं बघत उभी राहिली. ज्वालामुखीच्या दिवशी ऑटोत अशीच बघत होती.

अन् गोठ्याच्या मागून काठी टेकत संतराम आला. ओसरीत पत्रे तापतात म्हणून तो दुपारचा परसात लिंबाखाली झोपायचा, अन् कानानं कमी असल्यामुळं एवढ्या रडारडीतही त्याची झोप मोडली नव्हती. चहाच्या वक्ताला आपोआप जाग आली होती. त्यानं माणसं बघितली, बायका बघितल्या, लादी बघितली. रीतभात जाणणारा माणूस. टोपी काढली, डोक्यावरून पंचा घेतला अन् प्रेमसिंगच्या बाजूला येऊन उकिडवा बसला.

"कोण गेलं रे?" त्यानं हळूच विचारलं.

प्रेमसिंगनं मान वळवली.

"संतराम गेला म्हणतात."

"कोणता संतराम?"

"तूच."

संतरामनं जरा विचार केला. "मला कोणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला.

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. द्वारकाबाई किंचाळली, मग हसली, मग पुन्हा रडली अन् रडत रडतच चहा करून आणला, साखर मुठीनं टाकून. संतराम बाजेवर बसून तो पीत होता अन् कोण कोण आलं ते बघून घेत होता. विश्वंभरची बहीण मिराबाई वसमतहून एसटीत रडत येऊन पोचली, बाप चहा पिताना दिसला, अन् विश्वंभरलाच टाकून बोलली, "असं काहून केलं रे, दादा? एवढ्या उन्हात!"

"अन् मग ही लादी कोणाची?" संतराम म्हणाला.

सगळं गाव विश्वंभरकडं वळलं.

"इंजिनाची," विश्वंभर म्हणाला. "नंदिनीच्या."

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. संतराम एवढंच म्हणाला, "आण. फिरवून दाखव."

राजनंदिनीनं कोपऱ्यातला डबा आणला. वरच्या अंगाला बर्फाचे तुकडे लावले अन् खाली मेणबत्ती पेटवली. मयतीला आलेलं सगळं गाव त्या डब्याभोवती दम धरून उभं. सीडी थरथरली, अडखळली, थांबली. विश्वंभरनं डोळे मिटून घेतले. मग टकटक ऐकू आली. उघडून बघतो तर चाक फिरत होतं! त्याचं अन् द्वारकाबाईचं लग्न, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न कुरकुरता फिरत होतं.

"पप्पा, फिरलं!" राजनंदिनीनं त्याचा हात गच्च धरला. "पप्पा, तुमी बराबर म्हणत होते!"

विश्वंभरच्या तोंडावर हसू आलं. ते कधी न बघितल्यामुळं जवळच्या दोन बायका दचकल्या. एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता, बाप जिवंत निघाला तेव्हासुद्धा. (हेही त्यानं कोणाला सांगितलं नाही.)

इथं थांबला असता तर! पण प्रेमसिंग म्हणाला, "लोक उन्हातून आले हायत. एवढा बर्फ हाय, लिंबं आणा, शरबत होऊन जाऊ द्या."

"पप्पा, उद्याला ठेवा," राजनंदिनी म्हणाली.

"एवढी मोठी लादी, कुठं पळून जाते? त्यात काय एवढं!"

सगळं गाव शरबत प्यालं. मयतीला आलेला माणूस असा खुशीत परत जाताना पुसेगावानं कधी बघितला नव्हता. उरलेला बर्फ विश्वंभरनं पोत्यात बांधून, घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून, संतरामच्या बाजेखाली ठेवला. सकाळी बघतो तर नुसतं ओलं पोतं.

"पाठीला काय गार लागलं रे रात्री," संतराम आळस देत म्हणाला. "दिवाळीपासून अशी झोप न्हाई लागली." म्हणजे शेवटी लादी बाच्याच खाली गेली होती.

राजनंदिनीनं पोतं बघितलं. डबा जुन्या साडीत गुंडाळला अन् शाळेला निघाली. दारात वळून म्हणाली, "पप्पा, तुमी येऊ नका." अन् गेली.

परीक्षक दुपारून यायचे होते. विश्वंभर चहाही न घेता जगनच्या ऑटोत बसला अन् हिंगोली गाठली. कारखान्याचा मालक त्याला बघून गल्ल्यावरून उठूनच उभा राहिला.

"पुन्हा लादी?"

"व्हय."

"अरेरे! कालच तर नेली. आता कोण?"

विश्वंभर थोडा वेळ बर्फाच्या ओळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "नववीतल्या एका पोरीचा बाप."

"चुक् चुक्. उमर काही जास्त नसंल."

"न्हाई."

"माणूस कसा होता?"

"शिकलेला होता. बारावी सायन्स."

"पास?"

"नापास," विश्वंभर म्हणाला. "दोनदा."