राणेमावशींची बारा जनावरं

राणेमावशी माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी साल विचारतात.

आम्ही चारकोपच्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून अजून कपाटही उतरलं नव्हतं. जिन्यात एक ठेंगणी, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेली बाई वाट अडवून उभी. "कुठलं साल तुझं?"

मी गडबडून म्हणाले, "पंच्याऐंशी."

"बैल. चांगला. संसार ओढशील. आणि हा?"

माझा नवरा महेश डोक्यावर गादी घेऊन उभा होता. "त्र्याऐंशी," तो गादीखालून म्हणाला.

मावशींनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "डुक्कर."

महेशने गादी खाली ठेवली. पण मावशी निघाल्याही होत्या. जाता जाता म्हणाल्या, "तोंड काय पाडतोस? चिनी लोकांत डुक्कर भाग्यवान असतो. खाऊन-पिऊन सुखी." नव्या घरातलं पहिलं जेवण आम्ही वडापाववर भागवलं. महेशने चार खाल्ले आणि मला हसायची चोरी झाली.

मावशी आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. मूळ मालवणकडच्या. नर्स म्हणून सगळी नोकरी प्रसूतिगृहात झालेली, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. "मूल जन्माला आलं की आम्ही आधी काय लिहायचो? वेळ, तारीख, साल. नाव काय, बारशाला ठेवतातच," असं त्यांचं स्पष्टीकरण. पण त्या सालाचा चीनमधला प्राणी कुठून आला, हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचा समज असा की एकटी बाई आहे, मोबाइलवर काहीतरी बघत असेल.

रोज संध्याकाळी साडेपाचला सोसायटीच्या बागेत त्यांची शाळा भरायची. आमची गार्गी तेव्हा पहिलीत होती. ती कुत्रा निघाली, आणि तिला त्याचा इतका अभिमान वाटला की आठवडाभर ती घरात भुंकत होती. गोष्ट बहुतेक वेळा तीच असायची. वरच्या राजाने सगळ्या जनावरांना निरोप धाडला: खाडी पार करून या, जो आधी पोचेल त्याच्या नावाचं पहिलं वर्ष. आता ही खाडी मूळ गोष्टीत चीनमधली नदी असेल, मावशींची मात्र आमच्या जवळच्या मार्व्याची होती.

"मांजरीन उंदराक सांगितल्यान, बाबा रे, माका सकाळी उठव. उंदीर म्हणालो, हो हो. आणि उठवल्यान काय?"

"नाही!" मुलं ओरडायची.

"नाय! मेलो तसोच गेलो. बैलाच्या पाठीर बसलो, पलीकडे पोचताच टुणकन उडी, पहिलो नंबर! मांजर रवली झोपान. म्हणून ती अजून त्याच्या मागे लागता."

गोष्ट रंगात आली की मावशींची मालवणी सुटायची. आमच्या मजल्यावरचा जिग्नेश, घरी गुजराती बोलणारा, एकदा आईला म्हणाला, "माका दूध नको." त्याच्या आईने मला थांबवून विचारलं, हा माका कोण?

दुसरी गोष्ट नियन नावाच्या राक्षसाची. तो वर्षातून एकदा गावात यायचा आणि लाल रंगाला, आवाजाला घाबरायचा. "म्हणजे त्यांचो शिमगोच तो," असं सांगून मावशी मुलांकडून बोंब मारून घ्यायच्या. तळमजल्यावरच्या कदमकाकांची, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची, दुपारची झोप नेमकी तेव्हा संपत असे. झोपमोडीची तक्रार घेऊन ते आले की मावशी शांतपणे म्हणायच्या, "छप्पनचा ना तू? माकड. माकडाला गडबड आवडायला पाहिजे."

एका दुपारी मावशींनी आमची बेल वाजवली. हातात मोबाइल. "हे बघ गं जरा. मी विचारलं, सशाने नदी कशी ओलांडली. हा भाषांतर करून तिला भलतंच काहीतरी सांगतोय. ती हसतेय नुसती."

पडद्यावर चष्मा लावलेली एक चिनी मुलगी हसत होती.

"ही कोण?"

"आमची लिन. सून."

मी पाणी दिलं. मग त्या पंख्याखाली बसल्या आणि सगळं सांगितलं, नेहमीच्या तुटक पद्धतीने, जणू केसपेपर वाचून दाखवावा. मुलगा नीलेश योगशिक्षक. कुनमिंग नावाच्या शहरात शिकवायला गेला, दोन वर्षांसाठी म्हणून. तिथेच लग्न केलं. पाच वर्षांची होत आलेली मुलगी आहे, युएयुए. त्याचा अर्थ चंद्र, म्हणून मावशींच्या तोंडी चांदू. उंदराच्या वर्षातली.

"सगळं बंद होतं ना तेव्हा, नेमकी त्यात झाली. विमानं बंद, सगळं बंद. अख्ख्या गावाच्या पोरांना पहिला हात माझा लागला. ही झाली तेव्हा मी इथे फोन धरून बसले होते." त्यांनी गुडघा चोळला. "नंतरही जमलं नाही. कधी त्याची सुट्टी, कधी व्हिसा, कधी माझा गुडघा. अजून हातात घेतली नाही तिला."

"पण मग या गोष्टी?"

"तिला मराठी येत नाही गं. ती आली की मी तिच्याशी काय बोलू? रामाची गोष्ट सांगितली तर तिला राम ठाऊक नाही. म्हणून मी लिनला म्हटलं, तू तिला ज्या सांगतेस त्या मला सांग. गोष्ट तिच्या ओळखीची असली म्हणजे माझे शब्द कळतील. उंदीर म्हटलं की कळेल, हा आपला तोच."

"आणि आमची मुलं?"

"लहान पोरं कुठे कंटाळतात ते कळायला नको? तुमच्या पोरांवर सराव," मावशी म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

त्या वर्षी ती माणसं खरंच येणार होती. चिनी नववर्षाच्या सुट्टीत, तिकिटं काढून. मावशींनी बागेत कार्यक्रम ठरवला. साल सापाचं होतं. त्यांनी मुलांना फळ्यावर सूचना लिहायला सांगितली आणि मुलांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "रविवारी पाच वाजता बागेत साप येणार आहे. सर्वांनी लाल कपडे घालून यावे." आमच्यामागे खारफुटी आहे, दोन वेळा खरोखरच साप निघालेला. कदमकाकांनी ताबडतोब सर्पमित्राला फोन केला. तो बिचारा काठी आणि पिशवी घेऊन आला आणि मावशींनी त्याला चहा पाजून, साल विचारून परत पाठवलं.

गुरुवारी मावशींनी भिंतीवर लाल कागद चिकटवले. शुक्रवारी सकाळी नीलेशचा फोन आला. लिनचे वडील पायऱ्यांवरून पडले, खुब्याचं ऑपरेशन. यंदा नाही जमणार.

मी गेले तेव्हा मावशी कोबी किसत होत्या.

"मावशी, रविवारचं राहू दे."

"का? पोरांनी लाल कपडे काढून ठेवलेत." मग किसणी ठेवून म्हणाल्या, "तिचो बापूस पडलो, ती कशी येतली? तिच्या जागी मी असते तरी आले नसते." आणि पुन्हा किसायला लागल्या. तो कोबी दोन कार्यक्रमांना पुरला असता.

रविवारी मोदकपात्रातून वाफाळलेल्या कोबीच्या करंज्या निघाल्या. जिग्नेश ओरडला, "मोमो!" "मोमो टपरीवर. ह्यांका जियाओझ म्हणतत," मावशींनी दटावलं. जनावरांची शर्यत झाली. महेश डुक्कर म्हणून सगळ्यांत शेवटी धावत आला आणि त्याने खरोखरच मध्ये थांबून दोन करंज्या खाल्ल्या. कदमकाकांनी लाल टाय लावला होता.

मग मी मोबाइल बाकावर उभा केला आणि नीलेशला फोन लावला. चांदू समोर आली, दोन शेंड्या, लाल स्वेटर. मावशींनी गोष्ट सुरू केली. आमची मुलं जनावरं झाली, गार्गी त्या दिवसापुरती उंदीर. "उंदीर!" म्हटल्यावर चांदूने आधी गार्गीकडे, मग मावशींकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उंदी." मग लाजून मागे पळाली, एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीत तोंड खुपसलं.

"ती कोण?" मी विचारलं.

"लिनची आई."

मावशी बराच वेळ त्या दोघींकडे बघत राहिल्या. मुलं करंज्यांकडे पांगली. मग त्यांनी मुलाला हाक मारली. "नीलेश, तिका विचार, चांदू झाली तेव्हा नर्सनंतर पहिल्यांदा कोणी घेतल्यान?"

नीलेशने चिनीत विचारलं. म्हातारी हसली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तिका म्हणावं, हात दाखव."

नीलेश गोंधळला. पण त्याने सांगितलं. त्या बाईने जरा विचार केला आणि उजवा तळवा कॅमेऱ्यासमोर धरला. रुंद, काम करून जाड झालेला हात. अख्खा पडदा त्याने भरून गेला.

मावशींनी पदराला हात पुसला आणि आपला तळवा काचेवर टेकवला. फोन गरम झाला होता, पण त्यांनी हात काढला नाही.