बारा नंबरचा होकार

माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. साथीच्या दिवसांत तर कोणी कोणाचाच हात धरत नव्हतं, त्यामुळे माझा दावा खोडून काढायला कोणी उरलं नाही. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा असा माणूस रस्त्याच्या पलीकडून चालला असला, तरी मी गॅलरीतून त्याला नावाने हाक मारत असे. पुतण्या म्हणायचा, काका, तुम्ही हाक मारता ते कोणीच वळून बघत नाहीत. मी म्हणायचो, घाबरलेत बिचारे.

आमच्या घरात तळमजल्यावर दादा, वहिनी आणि पुतण्या, आणि वरच्या मजल्यावर एकटा मी. दादा माझा थोरला भाऊ. त्याने जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, आणि त्याने काही करायचं मनात आणलं की तो दाबायचा, हा त्याचा धंदा. पुढे धंदा बंद झाला, गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली, पण पायाची सवय सुटली नाही. कोणी नव्या नोकरीचं बोलो की भिंतीच्या रंगाचं, दादाचा पाय जमिनीवर दाबला जायचा. तेवढ्यावर विषय संपत असे. दादाने कशालाही मान डोलावली आहे, असं दृश्य मी तरी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

साथ आली आणि अशा माणसाचं राज्य आलं. चपला फाटकाबाहेर, भाजी साबणाच्या पाण्यात, कडी उघडायची ती कोपराने. वर्तमानपत्र दुपारपर्यंत उन्हात, म्हणजे बातम्यांवरचे जंतू मरावेत. बातम्यांमधली माणसं आधीच मेलेली असायची. जिन्यावर दादाने खडूची रेघ ओढली होती. रेघेच्या वर मी, खाली तो, असे आम्ही दोघे भाऊ संध्याकाळी बसायचो आणि आज गल्लीतलं कोण गेलं ते एकमेकांना सांगायचो. कोपऱ्यावरचा शिंपी गेला, दूधवाल्याची आई गेली, पलीकडच्या घरातले नवरा-बायको दोघेही गेले. दादाचं प्रत्येकाबद्दल एकच मत असे. हलगर्जीपणा. जणू ही माणसं हात न दाखवता वळली होती.

आणि एवढं करून ताप आला तो दादालाच! भाजीवर संशय घ्यावा, तर भाजी खाऊन झालेली.

अँब्युलन्समधून डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले दोघं उतरले. वहिनींना फाटकाच्या पुढे येऊ दिलं नाही. निरोप म्हणावा असं काही झालंच नाही. दादाने ड्रायव्हरला क्लच सावकाश सोडायला सांगितलं आणि दार लागलं.

इस्पितळात भेटायला बंदी. रोज दुपारी सिस्टर टॅब घेऊन पलंगापलंगापाशी जायची आणि घरच्यांना पेशंट दाखवायची. तिथे नावं चालत नव्हती, पलंगाचे नंबर चालायचे. दादा बारा नंबर होता. पहिल्याच सकाळी डॉक्टरांचा फोन आला. बारा नंबर तोंडावरचा ऑक्सिजन काढून टाकतात. पालथं झोपायला सांगितलं तर डॉक्टरांनाच दटावतात. पालथं झोपलं की फुप्फुसाला हवा मिळते. हे असंच चाललं तर घशात नळी घालावी लागेल. आणि नळी घातलेले, डॉक्टर म्हणाले, फारसे परत येत नाहीत. घरच्यांनीच समजूत घातली तर बघा.

वहिनी म्हणाल्या, "घोरतात म्हणून कुशीवर वळा म्हणत माझा सगळा संसार झाला, भाऊजी. कुशीवर न वळलेला माणूस पालथा कसा होणार?"

मी म्हटलं, बोलणं माझ्यावर सोपवा.

दुपारी टॅब लागला. आधी छत दिसलं, मग वाफ धरलेला सिस्टरचा चष्मा, मग पेशंट. नाका-तोंडावर मास्क, कपाळापर्यंत टोपी, मध्ये सुजलेले दोन डोळे. मी दादाला तत्काळ ओळखलं. आणि असा बोललो, असा बोललो की पुतण्याने हातातला फोन बाजूला ठेवला. आईवडिलांपासून सुरुवात केली, वहिनींच्या डोळ्यातल्या पाण्यावर आलो आणि शेवटी विनवणी केली, दादा, एकदा माझं ऐक, पालथा हो.

दादाने अंगठा वर केला. मान डोलावली. आणि सिस्टरच्या आधाराने मुकाट पालथा झाला!

आमच्या घरात त्या दिवशी जे आश्चर्य पसरलं, ते साथीपेक्षा जास्त वेगाने पसरलं असेल. डॉक्टर खूश. बारा नंबर म्हणजे वॉर्डातला सगळ्यात शहाणा पेशंट, असं सिस्टर सांगायची. मास्क काढत नाहीत, सांगितलं की वळतात, आणि टॅब यायच्या आधीपासून दाराकडे बघत असतात. मी गल्लीत, म्हणजे गॅलरीतून, जाहीर केलं की माणसाला औषध लागतं ते वाणीचं.

आता ऐकणारा दादा मिळाल्यावर कोणाला राहवतंय? पुतण्याचं ऑफिसातल्या एका मुलीशी जमलं होतं आणि दादाच्या पायाने तो विषय कितीदा तरी दाबला होता. पुतण्याने घसा साफ करून पुन्हा विचारलं. अंगठा वर! पुतण्या टॅबसमोर लहान मुलासारखा रडला. वहिनींनी दारातल्या गाडीचा विषय काढला. ती भंगारात देऊ का, तिच्याखाली उंदीर झालेत. अंगठा वर. दुसऱ्याच दिवशी गाडी गेली, तिचा जादा ब्रेकही गेला. मग मीही मागे राहिलो नाही. लहानपणी आमची सायकल गटारात गेली होती. ती कोणामुळे गेली, यावर आम्हा भावांचं म्हातारपणापर्यंत एकमत झालं नव्हतं. मी म्हटलं, दादा, आता तरी कबूल कर, चूक तुझी होती ना? दादाने क्षणभर डोळे बारीक केले, आणि मान डोलावली. मी वर जाऊन बराच वेळ एकटा बसलो. जन्माचं ओझं उतरलं होतं.

खूश नव्हत्या त्या एकट्या वहिनी.

"भाऊजी, हे मान डोलावतात," त्या एकदा मला म्हणाल्या.

मी म्हटलं, आजाराने माणूस हळवा होतो.

"हळवा होतो. दुसरा होत नाही."

मी हसण्यावारी नेलं. माणसं ओळखण्यात हात न धरला जाणारा मी, वहिनींचं कुठे ऐकणार?

मग एका दुपारी टॅबच्या वेळेला फोन आला. सिस्टर नव्हती, कोणीतरी भराभरा बोलणारा माणूस होता. बारा नंबर गेले. सकाळी हृदय बंद पडलं. गाडी परस्पर स्मशानात जाईल, घरच्या दोघांना लांब उभं राहता येईल, मास्क आणि हातमोजे आपले आणायचे. पुढचा नंबर लावायचा असावा, त्याने फोन ठेवला.

पुतण्या भिंतीला पाठ लावून खाली घसरला. मी नातेवाइकांना फोन केले. प्रत्येकजण आधी रडला आणि मग हळूच विचारू लागला की दादाला नेलं त्या दिवशी आपण त्याच्या जवळ तर गेलो नव्हतो ना. गल्लीतले लोक आपापल्या खिडक्यांत येऊन उभे राहिले. यायला कोणाचा पाय धजला नाही, आणि आम्ही तरी त्यांना कुठे बोलावणार होतो? माणूस मेलेलं घर, पण पायरीवर एक चप्पल नाही.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्या रडल्या नाहीत.

"गेले ते फार चांगले होते," त्या म्हणाल्या. "किती ऐकून घ्यायचे. पण आमचे नाही गेले, भाऊजी. मान डोलावणारा गेला."

मी आणि पुतण्याने एकमेकांकडे पाहिलं. धक्क्याने असं होतं म्हणतात. पुतण्याने त्यांना साखरपाणी आणून दिलं, त्यांनी ते शांतपणे पिऊन टाकलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. आम्ही दोघे हातमोजे चढवत असताना टॅबची रिंग वाजली.

आधी छत. मग सिस्टरचा चष्मा. मग एक संपूर्ण तोंड, मास्क ओढून काढलेलं, दाढीचे खुंट वाढलेलं, संतापाने लाल झालेलं.

"गाडी कोणी भंगारात घातली?" दादा म्हणाला.

वहिनींच्या हातातली भाजी तेव्हा खाली पडली. आणि तेव्हा त्या रडल्या.

झालं होतं ते असं. बारा नंबरवर वरून थंड हवेचा झोत यायचा. डॉक्टरांचा फोन आम्हाला आला त्याच सकाळी दादाने भांडून शेजारच्या तेरा नंबरशी पलंग बदलून घेतला होता. माणसं बदलली, पण पलंगाला अडकवलेल्या पाट्या आणि आमचा फोन नंबर जागच्या जागी राहिले. टॅब रोज इमानाने बारा नंबरवर जात राहिला. तेरा नंबरला फोन करायला कोणी नव्हतंच, कारण तिथे जो पेशंट आधी होता त्याचं कोणी नव्हतं. तो एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायचा. जन्मभर त्याने लोकांची अर्धी वाक्यं ऐकली असणार, मजला आला की माणसं बोलता बोलता उतरून जातात. आमची वाक्यं तेवढी त्याने पुरी ऐकली.

आणि दादा हातभर अंतरावरून सगळं ऐकत होता. पुतण्याचं लग्न, गाडीचे उंदीर, सगळं. "सायकल तूच गटारात घातलीस," एवढं त्याने धापा टाकत मला पहिल्यांदा सुनावून घेतलं.

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीस?

दादाला श्वास पुरत नव्हता.

"तो सकाळपासून वाट बघायचा," तो म्हणाला. "मला तुम्ही आहातच. कुठे जाणार होतात?"

सिस्टर मास्क लावायला धडपडत होती. तिचा हात बाजूला सारून दादाने आणखी एक वाक्य पुरं केलं. "निघाला होतात ना त्याच्यासाठी? मग जा."

आम्ही गेलो. स्मशानाच्या फाटकावर काचेमागे बसलेल्या कारकुनाने विचारलं, मयताशी नातं काय? पुतण्या म्हणाला, "माझ्या लग्नाला त्यांनी होकार दिलाय." कारकुनाने त्याच्याकडे बघितलं, मागे लागलेल्या रांगेकडे बघितलं, आणि कागदावर लिहिलं, 'वडीलधारे'. लांबून एक बांधलेली पिशवी दिसली आणि दार बंद झालं. ज्याच्याशी मी इतकं बोललो, त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आता पाट्या बरोबर लागल्या होत्या, त्यामुळे बातमीही बरोबर लागली. तुमचा पेशंट अजिबात ऐकत नाही. काल मास्क काढून बोलले, त्याने आणखी बिघडलं. संध्याकाळपर्यंत पालथे झाले नाहीत, तर नळी.

टॅब लागला. या वेळी खरा दादा. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांनी माझा सदरा पाठीमागून मुठीत धरला होता. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा सिस्टरने आम्हाला दाखवला. वाईट होता. मी सुरुवात केली. तीच आईवडिलांपासून. तेच वहिनींच्या डोळ्यातलं पाणी. जे बोलणं ऐकून एक परका माणूस मुकाट वळत होता, तेच बोलणं मी सख्ख्या भावासमोर जीव तोडून बोललो.

दादाने डोळे मिटले. मी आवाज चढवला. त्याने एक डोळा उघडून सिस्टरला टॅब बंद करायची खूण केली. सिस्टरने मान हलवली, डॉक्टरांचा हुकूम होता. मी आमच्या बालपणावर आलो. तेव्हा दादाने पलंगाची कड घट्ट धरली, एक कूस बदलली, दुसरी बदलली, आणि पालथा होऊन तोंड भिंतीकडे केलं. पाठ माझ्याकडे.

मशीनवरचा आकडा जरा घुटमळला आणि एकाने वर चढला.

मी गहिवरून गप्प झालो. तसा दादा परत उताणा व्हायला लागला.

"काका, थांबू नका, बोला!" सिस्टर ओरडली.

मी बोललो. अंधार पडेपर्यंत बोललो. बालपण संपलं, नोकरी संपली, शेवटी शेवटी तर मी भाजी साबणाच्या पाण्यात कशी धुवायची ते सविस्तर सांगत होतो. मी दम घ्यायला थांबलो की दादाचा खांदा हलायचा, आणि सिस्टर हात जोडायची.

दादा वाचला. डॉक्टर म्हणतात, औषधांनी. मी म्हणतो, माझ्या बोलण्याने. वहिनी म्हणतात, वैतागाने.