सुदामअण्णा कार्ड घासत नाहीत

आमच्या डाळमिलचे हिशेबनीस सुदामअण्णा कुठल्याही ठेकेदाराचं बिल द्यायच्या आधी त्याच्या खात्यावर एक रुपया पाठवायचे आणि फोन लावायचे.

"रुपया आला का?"

"आला असंल की, अण्णा."

"असंल न्हाई. मोबाइल उघड, नाव वाच."

रंगारी शिडीवर असो नाहीतर ताटावर, त्याला वाचावंच लागे. मग अण्णा चष्मा कपाळावर ढकलून उरलेली रक्कम पाठवत. "पैसा ज्याचा त्याच्या नावावं जावा," हे त्यांचं पालुपद. एकदा चहावाल्याचंही खातं विचारायला लागले. तो हात जोडून म्हणाला, "अण्णा, सात रुपयं हायेत. रोख द्या."

कळंबच्या या मिलमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी सतरा वर्षं बिलं टाइप करतोय. मालकांचा मुलगा, आमचे छोटे शेठ, यांनी धंद्याचं क्रेडिट कार्ड काढलं तेव्हाचं मला चांगलं आठवतं.

"अण्णा, ठेकेदारांची बिलं आता कार्डावर. आपल्याला भरायला दीड महिना मिळतो."

"आन् मशीनवर टक्के कापत्यात ते कुनाच्या अंगावर?"

"त्यांच्या. बघतील त्यांचं ते."

"ज्याच्याकडं मशीनच न्हाई, त्यो काय बघंल?"

शेठ हसले आणि कार्ड ठेवून गेले. अण्णांनी ते, काडेपेटीत विंचू कोंडावा तसं, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंडलं आणि जुन्या पद्धतीनं खात्यावर पैसे पाठवत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर बालाजी वेल्डरनं आमच्या गोदामाचा दरवाजा आणि छपराच्या लोखंडी कैच्या करून दिल्या. बिल द्यायचं बाकी होतं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या कामावर तो पत्र्यावरून खाली पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. मागं बायको मीरा आणि दोन मुली.

दहाव्यानंतर त्याचा थोरला भाऊ ऑफिसात आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान. येताना कार्डाचं मशीन पिशवीत घालूनच आला होता.

"बालाजीचं बिल हितंच घासा. घर एकच हाय आमचं."

छोटे शेठ म्हणाले, "घासा, अण्णा. मिटवून टाका."

अण्णा उठले नाहीत. "बालाजीच्या बायकूच्या खात्यावं पाठवतो."

"तिला काय कळतंय बँकेतलं?" भाऊ म्हणाला. "तिचं खातं बंद पडलंय कवाच."

"चालू करू."

"अण्णा," शेठचा आवाज चढला, "कार्ड काढा."

अण्णांनी ड्रॉवर उघडला. गुंडाळलेलं कार्ड टेबलावर ठेवलं, त्याशेजारी कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या. "आधी माजा हिशेब करा, शेठ. मंग खुशाल घासा."

शेवटी "करा तुमच्या मनासारखं," म्हणत शेठ चिडून बाहेर निघून गेले. भावानं मशीन पिशवीत घातलं आणि जाता जाता बाहेर गोदामाच्या दाराला लाथ मारली. दरवाजा बालाजीनंच केलेला होता. हलला नाही.

मीराचं खातं चालू करायला तीन खेटे घालावे लागले. कधी फोटो जुना, कधी अंगठा उमटेना. विटा उचलून तिच्या बोटांच्या रेषाच गेल्या होत्या. अण्णा रजा टाकून तिच्याबरोबर बाकावर बसत. तिसऱ्या खेपेला मीही गेलो. खातं चालू झालं, पैसे जमा झाले. मीरा पासबुक पदराखाली धरून यष्टीकडं गेली. अण्णा मात्र बँकेच्या पायरीवरच बसून राहिले.

"एवढं नोकरीवर कशाला बेतू दिलंत?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"म्या सास्तूरचा. त्र्याण्णवच्या भूकंपात घरचे चौघं गेले. म्या सोळा वरसाचा. सरकारची मदत आली ती चुलत्याच्या हातात. पोराला म्याच सांभाळनार, म्हनला. वरसाच्या आत कळंबच्या यष्टीत बसवून दिलं मला. भाड्यापुरते पैसे दिलते."

सतरा वर्षांत त्यांनी घरचा विषय कधी काढला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"तुज्या घरी आज काय केलंय?" त्यांनी एकदम विचारलं.

"पिठलं-भाकरी."

"येऊ का जेवायला?"

मी तिथूनच घरी फोन लावला. भाकरी जास्त टाकायला सांगत होतो, तेवढ्यात अण्णांनी माझ्या बाहीला हात लावला.

"एकच सांग," ते म्हणाले. "लई तरास नको."