हिरवळीवरचे चारशे पुरावे

"आज संध्याकाळपर्यंत या गवताचा गालिचा करून दाखवतो!" आप्पांनी आरशातल्या स्वतःला बजावलं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच नव्हती. गेल्या वर्षी मुठी भरभरून खत टाकून त्यांनी घरापुढची हिरवळ करपवली होती, आणि तेव्हापासून तिच्यावर पाय ठेवायला बायकोची सक्त बंदी होती. पण यंदा माती दगडासारखी घट्ट झाली होती. पाणी मुरेना, गवत पिवळं पडू लागलं. बायको रोज हळहळायची आणि ते काही आप्पांना बघवत नव्हतं. आज ती दिवसभरासाठी बहिणीकडे गेली होती.

आप्पांनी पोकळ दातांचं अवजार आणलं. पायानं दाबायचं, उपसायचं. भोक पडतं, मुळांना हवा मिळते आणि आतली माती बोटभर गुंडाळी होऊन वर येते. "गुंडाळ्या उचलू नका, आपोआप विरघळतात," दुकानदारानं सांगितलं होतं. चारशे भोकांनंतर आप्पांची कंबर अशी धरली होती, की उचलायचा प्रश्नच नव्हता!

संध्याकाळी फाटक वाजलं आणि पाठोपाठ किंकाळी.

"अहो! आधी बाहेर या! हे काय आहे?"

हिरवळभर तपकिरी, ओलसर, बोटभर लांब... आप्पांनी ते प्रथमच बायकोच्या नजरेनं पाहिलं आणि त्यांना घाम फुटला.

"शेजारच्या हेडमास्तरांची कुत्री! दुसरं कोण?" बायकोनं निकालही देऊन टाकला.

आप्पांनी खरं सांगायला तोंड उघडलं. गेल्या वर्षीचं खत आठवलं. तोंड मिटलं.

आरडाओरडा ऐकून हेडमास्तर कुंपणापाशी आले. काखेत कुत्री, जेमतेम चपलेएवढी.

"वहिनी, अहो, ही अख्खी वितळवली तरी एवढा ऐवज निघायचा नाही!"

"मग काय मी केलं?"

हेडमास्तरांनी काखेतल्या कुत्रीकडे निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे हिला काहीतरी भयंकर झालंय!" नमुना डब्यात आणि कुत्री टॉवेलात गुंडाळून ते थेट गुरांच्या डॉक्टरांकडे धावले. जाताना कुत्रीनं आप्पांकडे असं पाहिलं, की त्यांना चहा गोड लागेना.

तासाभरानं हेडमास्तर परतले.

"डॉक्टरांनी डबा उघडला आणि मलाच तपासायला निघाले! माती आहे ती, वहिनी! निव्वळ माती! वर म्हणतात, अशा गुंडाळ्या हिरवळीला भोकं पाडली की निघतात, आणि ज्यानं ती पाडली त्याला गवतातलं कळतं. मोठा जाणकार माणूस!"

इतका वेळ भीतीनं गप्प बसवलेल्या आप्पांना कौतुकानं मात्र गप्प बसवेना. छाती फुगवून ते पुढे झाले.

"मीच तो!"

बायकोनं कुत्रीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. शिक्षा हेडमास्तरांनी सुचवली आणि बायकोनं तिथल्या तिथे मंजूर केली: महिनाभर दोन्ही वेळा कुत्रीला फिरवून आणायचं.

गवत खरंच गालिच्यासारखं झालं. बायको त्यावर अनवाणी फिरते. आप्पांची बंदी कायम आहे, कुत्रीला बंदी नाही. रोज सकाळी ती ऐटीत आत शिरते, मऊशी जागा शोधते आणि आप्पांकडे रोखून बघत बसते. ती उठल्यावर आप्पांनाही हिरवळीवर जायची परवानगी मिळते. उचलायला कागद घेऊन!